अर्धा क्लच

११ एप्रिल

पहिला फटका मला समजतो. दादाने दुसरा का मारला?

कालपासून हेच. उत्तर येत नाही. बी.ए.च्या परीक्षेत न येणारा प्रश्न सोडून पुढचा घेता यायचा. हा सोडता येत नाही.

काल झालं ते क्रमाने लिहून ठेवते, नाहीतर लोक सांगतील तेच माझ्या डोक्यात बसेल.

आमची जीप, मागे पाण्याचा ट्रेलर. दादा चालवत होता, मी शेजारी. टँकर चढत नाही म्हणून वरच्या लमाणांच्या तांड्यावर आमची फोर-व्हील जीप पाणी नेते. माझ्याच अर्जांवर हे काम मिळालं. जिल्हा नवा झाला, उस्मानाबादहून कागद लातूरला येईपर्यंत मी चार चपला झिजवल्या. केवढा अभिमान होता मला.

खालच्या गावाच्या पुढे चढ लागतो, तिथे दगड मांडून वाट अडवलेली. पुढे खालच्या गावचा धोंडिराम, बॉनेटवर हात ठेवून. मागे पंधरा-वीस माणसं. "आमच्या हिरी कोरड्या पडल्या अन् पाणी लमाणाला?" दादाने गाडी पहिल्या गिअरमध्ये चढावरच धरली. तेवढ्यात बायकांनी मागून ट्रेलरची तोटी सोडली. हंडे, घागरी, कोलाहल.

भरलेला ट्रेलर चढावर ब्रेकने थांबत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पुढे जावं तर माणसं, मागे यावं तर बायका. दादाने अर्ध्या क्लचवर, पेडल अर्धंच दाबून, गाडी धरून ठेवली. एका जागी. त्याचा पाय थरथरत होता. खालून धूर यायला लागला, जळक्या केसांसारखा वास. दादा ओरडत होता, "बायांनो, मागून सरका! क्लच जळायलाय, गाडी ऱ्हात न्हाई आता!"

धोंडिरामला वाटलं, इंजिन रेटून हा अंगावर घालतोय. त्याने दादाची कॉलर धरली आणि बाहेर ओढलं. आमच्या जीपला दारं नाहीत. दादा गेला तशी गाडी मागे निघाली. मी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. काही झालं नाही. ट्रेलर आडवा होऊन बांधाला धडकला. मध्ये कमलबाई, धोंडिरामची सख्खी भावजय. तिच्या पायाचा आवाज मी ऐकला. कापसाची वाळलेली पळकाटी मोडावी तसा.

दादा गाडीकडे धावला, सीटखालची टॉमी काढली. टायर काढायची लोखंडी कांब. धोंडिरामच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यावर आला, मग तोंडावर पडला.

मग दुसरा.

पडलेल्या माणसाला.

दादा टॉमी गाडीत टाकून रानातून पळाला. हिमायतनगरला मावशीकडे गेला असणार. कुणाला सांगितलेलं नाही.

१२ एप्रिल

दुपारी खालच्या गावचे लोक आमच्या गॅरेजवर आले. पाच-सहा जण, तोंडाला उपरणी. अप्पा एका ट्रॅक्टरखाली होते. त्यांना पाय धरून ओढून काढलं. "कुठं लपवलास रे पोरगा, मिस्त्री?" अप्पा म्हणाले, "माझ्या खिशात हाय, काढून घे." या वेळी असं बोलायची काय गरज होती! रॉड खांद्यावर बसला. दुसरा पाठीत. अप्पा पालथे पडले तरी शिव्या देतच होते.

जीपची काच फोडली. दिवे फोडले. एकाने मला ढकललं, मी ड्रमवर आपटले, कोपर सोलला. हाताला चौदाचा पाना लागला. फेकला. कुणाला लागला नाही. लागला असता तर मला बरं वाटलं असतं. हे लिहून ठेवते. दादाबद्दल प्रश्न विचारणाऱ्या मुलीने हेही लिहिलं पाहिजे.

समोरच्या चहावाल्या नागनाथमामांनी उकळतं आधण फेकलं तेव्हा ते मागे हटले. स्वतः नागनाथमामांची सासुरवाडी खालच्या गावची.

अप्पांच्या खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं. उजवा हात गळ्यात.

१३ एप्रिल

पंचनामा चढावरच झाला होता. टंचाईच्या कामावरची गाडी म्हणून तहसीलच्या साहेबांनी ती ठाण्यात अडकू दिली नाही. बैलजोडी लावून गॅरेजला आणली. हत्यार मिळालं नाही, असं पंचनाम्यात आहे.

खालच्या गावाची फिर्याद: महादेवने, म्हणजे दादाने, जीप माणसांवर घातली, बाईवर मागे घेतली, मग डोकं फोडलं. तिन्ही जाणूनबुजून.

तांड्यावरून सोनीयाडी चालत आली. तांड्याच्या प्रमुखाची, नाईकाची आई; तांड्यावर आईला याडी म्हणतात. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा. खालच्या गावच्या विहिरीत तळाशी साचलेल्या पाण्यासाठी गेली होती. काठीने मारलं, घागर फोडली, वर म्हणाले, तुमच्यासाठी जीप येती ना, तिचं पी.

मी म्हणाले, "याडी, गाडीचा क्लच गेलाय."

"मला कलच-बिलच काय कळतंय बाई. झऱ्यात वाटीनं पाणी भरून ऱ्हायलो आमी. लेकरं चिखल चोखायलीत."

तहसीलचे साहेब म्हणतात, महिनाअखेर गाडी चालू झाली नाही तर तांड्याची फेरी बंद करून टँकर खालच्या गावापर्यंतच लावतील. तांड्याने खाली येऊन भरावं. सोनीयाडीचा हात मी त्यांना दाखवायला हवा होता.

१४ एप्रिल

एकही मेकॅनिक यायला तयार नाही. एक म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या शब्दाभाईर न्हाई, पर माझीबी काच हाय, माझंबी डोस्कं हाय." अप्पा म्हणाले, "काच तरी शाबूत ठेव, डोस्क्याचा तुला काय उपेग."

क्लच आम्हीच काढायचा. आम्ही म्हणजे मी आणि आई. अप्पा बाजेवर बसून सांगणार.

१५ एप्रिल

गिअरबॉक्स उतरवला.

आधी जीपच्या तळाचा पत्रा काढला. मग खालचे दोन्ही शाफ्ट, पुढच्या चाकांचा आणि मागच्या चाकांचा. फोर-व्हीलचा जास्तीचा गिअर पाठीला चिकटलेला, त्यामुळे गिअरबॉक्स म्हैस झालेला. अप्पांची जुनी रीत अशी: जीपच्या दोन्ही कडांवर आडवी पहार टाकायची, तिच्यावरून दोर सोडून गिअरबॉक्स बांधायचा आणि हळूहळू खाली. दोर आईकडे. मी खाली पाठीवर पडलेली, छातीवर जुना टायर. सुटला तर टायरवर पडावा म्हणून.

आई कासोटा घालून जीपमध्ये उभी. "माझी माय म्हनली व्हती, मिस्त्रीच्या घरी देऊ नका, पोरगी काळी व्हईल."

अप्पा बाजेवरून, "तू आधी कवा गोरी व्हतीस?"

"दोर सोडू का?"

"नको नको! पोरगी हाय खाली!"

मी खाली हसत होते आणि रडत होते, डोळ्यांत ऑइल.

गिअरबॉक्स इंजिनापासून सुटेना. फटीत घालायला कांब हवी. आई आत गेली आणि टॉमी घेऊन आली. स्वच्छ. लख्ख. त्या दिवशी ती चढावर धावत आली होती; पंचनाम्याच्या आधीच तिने गाडीतून काढून पदराखाली घरी आणली आणि राखेने आणि चिंचेने घासली होती, देवाची तांब्याची भांडी घासतात तशी. चुलीमागे ठेवली होती.

मी ती हातात घेतली. फटीत घातली. दाबली. गिअरबॉक्स सुटला.

चपट्या टोकाच्या खाचेत एक काळी रेघ राहिली आहे. आईची नजर आता अधू झाली आहे.

१६ एप्रिल

क्लच दाबून धरणारी प्रेशर प्लेट काढली. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करायचे, एकदम नाही. क्लच प्लेटचं अस्तर जळून कोळसा. रिव्हेटं उघडी. हाताला भुसा आला.

त्यामागे फ्लायव्हील, इंजिनाबरोबर फिरणारं जड लोखंडी चाक. पुसलं तर तोंडावर निळे-जांभळे डाग, मोराच्या पिसासारखे. आणि भेगा. मधून कडेकडे गेलेल्या. एक थेट बोल्टच्या भोकापर्यंत.

ते निळं मी बघत राहिले. गाडी अंगावर घालणारा माणूस क्लच सोडतो. क्लच सोडला की प्लेट फ्लायव्हीलला घट्ट धरते, घासत नाही, एवढी निळी होत नाही. हे लोखंड जळलंय कारण दादा पुढेही गेला नाही आणि मागेही आला नाही. फिर्यादीतल्या तीन गोष्टींपैकी दोन इथे, माझ्या मांडीवर खोट्या पडत होत्या.

अप्पांना दाखवलं. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा भेगेवरून फिरवला. "लई धरली रे पोरानं," एवढंच म्हणाले आणि तोंड भिंतीकडे केलं.

पण तिसरी गोष्ट? तिचं लोखंड चुलीमागे आहे.

१८ एप्रिल, नांदेड

फ्लायव्हील गोणीत घालून एस.टी.ने आणलं. कंडक्टरने पाय लावून बघितलं. "काय हाय गं माय ह्याच्यात? जातं?" मी म्हणाले, फ्लायव्हील. "असं का. खिडकीपाशी बसीव त्याला, उलटी करंल."

लेथवाल्याने तोंड घासून द्यायला नकार दिला. भेग आरपार आहे, वेगात फुटलं तर पायांचे तुकडे होतील. दुसरं शोधा. लोहा गावच्या भंगारवाल्याकडे मिलिटरीच्या जीपचं आहे, असं त्यानेच सांगितलं. परतताना घ्यायचं.

जुनं फेकलं नाही. काखेत घेऊन, जखमींना ठेवलंय त्या मोठ्या दवाखान्यात गेले.

का गेले माहीत नाही. गेले.

कमलबाईचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. मला ओळखलं. शिव्या देईल वाटलं. "बस बाई," म्हणाली. मग, "तुझ्या भावाचा आवाज मला आलता. सरका म्हनला त्यो. आमी म्हनलं, येवढा हंडा भरू दे."

"हे ठाण्यात सांगाल?"

"धोंडिबा दीर हाय माझा. नांदायचंय मला त्याच घरात."

पुरुषांच्या वॉर्डात धोंडिराम. डोकं बांधलेलं, एक डोळा बंद, तोंड एका बाजूला ओघळलेलं. बोलत नाही. त्याची म्हातारी चमच्याने पेज घालते आणि पदराने पुसते. मी पायथ्याशी उभी. तिने मला बघितलं. गोणीकडे बघितलं.

"मिस्त्र्याची पोरगी का तू? शिकलेली?"

"हो."

"मग सांग मला. उभ्या मानसाला मारलं ते मारलं. मानसं भांडत्यात. पडल्यावर कामून मारलं गं?"

माझाच प्रश्न. तिच्या तोंडून. मी म्हणाले, मला माहीत नाही.

"मग काय शिकलीस?" रागाने म्हणाली नाही. पेज निवत होती, ती वळली.

१९ एप्रिल, हिमायतनगर

हॉस्टेलच्या मैत्रिणीकडे मुक्काम करून सकाळच्या गाडीने मावशीकडे आले. दादा गोठ्यात. दाढी वाढलेली. मला बघून आधी गोणी उघडली. फ्लायव्हील हातात घेऊन तोच अंगठा, अप्पांसारखाच, भेगेवरून.

"गेलं की गं कामातून." गाडीचंच दुःख आधी.

मी विचारलं. सरळच. दुसरा का?

फ्लायव्हीलकडे बोट करून म्हणाला, "इंजिन बंद केलं तरी ह्ये फिरत ऱ्हातंय ना दोन-चार येढे. तसं झालं."

"माणूस फ्लायव्हील नाही दादा."

त्याने थोबाडीत मारली. मावशी धावत आली. ओठ दाताला लागून फुटला. दादाने स्वतःच्या हाताकडे बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचा. मी म्हणाले, "हा पण फिरत राहिला का?"

मला एवढं वाईट बोलता येतं हे माहीत नव्हतं.

निघताना मी सांगितलं. मला विचारलं तर मी दोन फटके सांगणार. तो कडबा मोडत बसला होता. वर न बघता म्हणाला, "सांगशील तर समदं सांग. क्लचचंबी सांग. निस्तं मारलेलं सांगू नको."

"तू स्वतः येऊन सांग."

"भ्या वाटतंय गिरजे."

लहानपणी विहिरीत उडी मारताना मला भीती वाटायची तेव्हा तो आधी मारायचा.

२१ एप्रिल

लोह्याचं फ्लायव्हील आणलं. दाते ठीक, तोंड सपाट. आईने बसवू दिलं नाही, आधी पूजा. नवं लोखंड घरात आलं की पूजेशिवाय त्याला पाना लावायचा नाही, अशी आमच्याकडे रीत. अप्पांना औषधाने झोप लागलेली. मी पाने धूत होते. आईने पूजा केली, फडक्याने पुसलं, "घे आता."

फ्लायव्हील बसवलं, नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट. प्लेट बरोबर मधोमध बसावी म्हणून दादाने तासलेला बाभळीचा दांडा आहे, तोच घातला. गिअरबॉक्स वर ओढताना आईच्या तळहाताची साल निघाली. दोरीला रक्त. म्हणाली, "असू दे, तेवढीच दोरी भिजली. आजकाल पानी कुठं हाय."

इंजिन लागलं! मी ओरडले. अप्पांचा हात बांधलेला, म्हणून स्टिअरिंगवर मी. दादाने हॉस्टेलच्या सुट्ट्यांत शिकवलं होतं. ट्रेलर जोडून बसस्टँडमागच्या चढावर घेतली. इंजिन किंचाळतं आणि गाडी जागची हलत नाही. क्लच घसरतोय. नवा क्लच!

अप्पांनी वाकून वास घेतला. "तेल हाय ह्यात. तेल सोडलं कुनीतरी आत." आणि एकदम, "नागन्या! त्याची सासुरवाडी!"

मी धरायच्या आत ते उतरून चालू लागले. नागनाथमामा कप विसळत होते. अप्पांनी डाव्या हाताने पाना मारला. तोंडावर. दोन दात कपाच्या पाण्यात. मामा खाली बसले. अप्पांनी परत हात उचलला. मी मध्ये पडले. पाना माझ्या दंडाला लागला. तिथेच अप्पा थांबले.

पहिल्यावर कुणी थांबत नाही का आमच्या घरात?

२२ एप्रिल

परत सगळं उतरवलं. आईचे हात चिंध्यांनी बांधलेले.

प्रेशर प्लेट काढली तर फ्लायव्हीलच्या तोंडावर पिवळं. हळद. पूजेच्या दिव्याचं तेल आणि हळद, मधोमध पाच बोटं. पुसलं होतं तिने, पण तेल लोखंडाच्या अंगात राहिलं आणि गरम झाल्यावर नव्या प्लेटला लागलं. फ्लायव्हीलच्या तोंडाला तेलाचा थेंब चालत नाही, हे मला कालही माहीत होतं. आईने "घे आता" म्हटल्यावर मी बघितलंच नाही. पूजा झालेलं तपासायचं नसतं, असंच वाटलं.

आईने डोक्याला हात लावला. अप्पांनी पिवळ्या बोटांकडे बघितलं आणि मग रस्त्यापलीकडे बघितलं.

उठून गेले. मी खिडकीतून बघत होते. जाऊन टपरीसमोर उभे राहिले. नागनाथमामांचं तोंड सुजून बंद. त्यांनी चहा गाळला, कानतुटका कप पुढे केला आणि फुटक्या ओठातून म्हणाले, "फुटक्याच तोंडानं घे. चांगला कप तुला घावणार न्हाई आता जलमात."

अप्पा चहा प्यायले. परत आले तेव्हा म्हणाले, "माफ न्हाई केलं त्यानं." मग, "करू बी नये."

आईने सोड्याने फ्लायव्हील धुतलं. दुसरी प्लेट आणली. मी तोंडावर फक्त कोरडं फडकं फिरवलं. दात्यांवर हळदीचं एक बोट आईने लावलंच. तिथे चालतं.

२४ एप्रिल

चढली! भरल्या ट्रेलरसकट. चढावर थांबवून परत काढली, परत थांबवली. धरतो. अप्पा शेजारी बसून, "पाय ठेवू नको क्लचवर उगं. पाय काढ. काढ म्हनलं ना! तुझ्या कॉलेजात पाय काढायला शिकवत न्हाईत का?"

दुपारी खालच्या गावचे पाटील आले, सोबत दोन म्हातारे. काच फोडणाऱ्यांपैकी एकाचे वडील त्यातलेच एक. पाणी दिलं. प्यायले.

पाटील म्हणाले, "मिस्त्री, आमचा मानूस अंथरुणात, तुमचा रानात. कुनाचं भलं झालं? मिटवू. धोंडिबा दगडावर पडला. कमलबाई घसरली. कुनी कुनाला मारलं न्हाई. तुमचा महादू घरी येईल."

अप्पांचे डोळे भरले. माझ्या डोळ्यांसमोरही दादा दारातून आत येताना दिसला, खोटं कशाला लिहू.

"पर गाव उगं ऐकायचं न्हाई. महादेवाच्या देवळात तुमच्या पोरीनं पिंडीवरचा बेल उचलून सांगावं. लोक म्हनत्यात, शिकलेली हाय, देवाचा बेल उचलून खोटं बोलायची न्हाई. तिनं सांगितलं की गावाचं तोंड बंद. फौजदारबी मग काय लिहील?"

"हाव," अप्पा म्हणाले.

"अन् एक. गाडी आमच्या गावापत्तूर. वर न्हाई."

अप्पा माझ्याकडे बघेनात. "हाव," म्हणाले. आधीच्यापेक्षा हळू.

बेल उचलून खोटं बोललं तर वंशाला लागतं असं आमच्याकडे मानतात. माझा त्यावर विश्वास आहे की नाही, मला सांगता येत नाही. पण त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. मी खोटं बोलणार नाही असा त्यांचा पक्का विश्वास, आणि म्हणूनच खोटं बोलायला मीच हवी. हे त्यांच्यापैकी कुणाला विचित्र वाटत नव्हतं.

परवाच्या दिवशी, चार वाजता.

२५ एप्रिल

आई सकाळपासून पुरणाची डाळ निवडते आहे. दादाला पुरण आवडतं.

मी विचारलं, "आणि सोनीयाडीचा हात?"

"त्यांचं त्ये बघतील. माझं पोरगं हाय ह्ये."

"ती पण कुणाची तरी आई आहे."

आईने परात आपटली. डाळ अंगणभर. "शिकवलं तुला ह्येच चुकलं!" मग आम्ही दोघी खाली बसून एक एक डाळ वेचत राहिलो. कोंबड्या आल्या, त्यांना हाकलत.

वेचता वेचता आईने माझा ओठ बघितला, जिथे दादाने मारलं होतं. खपली धरली आहे. बोट लावलं.

२६ एप्रिल

सकाळी ठाण्यात जाऊन आले.

गोणीत दोन वस्तू. जमादारांच्या टेबलावर ठेवल्या तर टेबल वाकलं. "हितं गॅरेज टाकायलीस का ताई?" फौजदार आत होते, त्यांना बोलावलं. मी सांगायला लागले. ते लिहायला लागले.

आधी फ्लायव्हील. निळे डाग कसे पडतात, भेगा कशा. दादाने गाडी अर्ध्या क्लचवर धरली, बायकांना सरका म्हणून ओरडला, त्याला ओढून काढल्यावर गाडी मागे आली. फौजदार म्हणाले, "हे तुम्ही बहीण म्हणून सांगताय." मी म्हणाले, "हे मी सांगत नाही, हे लोखंड सांगतंय. कुठल्याही मिस्त्रीला विचारा." कमलबाईचं नाव घेतलं नाही. तिला नांदायचंय.

मग टॉमी. कुठे होती? "आमच्या घरी. मी आणली." कुणी धुतली? "धुतलेली आहे," एवढंच म्हणाले. आईचं नाव नाही सांगितलं. म्हणजे सगळं सांगितलं नाही. हेही इथे लिहून ठेवते.

"किती फटके?"

"दोन. पहिला उभा असताना. दुसरा पडल्यावर."

"नक्की?"

"हो."

दादा कुठे आहे विचारलं. ते मी सांगणार नाही, त्याला स्वतः येऊ द्या, म्हणाले. फौजदार म्हणाले, हाही गुन्हा आहे. मी म्हणाले, लिहा.

जबाब वाचून दाखवला. सही केली. बाहेर येऊन रिकाम्या गोणीची घडी घातली.

चार वाजता देऊळ. खालचं गाव निम्मं आलेलं. तांड्यावरून कुणी नाही, त्यांना बोलावलंच नव्हतं. गुरवाने पिंडीवरचा बेल ताटात ठेवून माझ्यापुढे धरला. अप्पांनी डोळे मिटलेले.

मी हात मागे बांधले. म्हणाले, "मी सकाळीच जबाब देऊन आले. क्लचचा पण दिला आणि फटक्यांचा पण दिला. आता बेलाची गरज नाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकदम गलका. कुणीतरी ताट उडवलं, बेल पायाखाली. एका बाईने माझे केस धरले. पाटलांनी सोडवलं, पण सोडवताना कानाशी म्हणाले, "उद्या गाडी आमच्या गावावरनंच जानार हाय, बाई."

"जाणार आहे. चालवणार मी आहे."

अप्पा तिथेच बसून राहिले, खांबाला टेकून. मी हाक मारली. डोळे उघडले नाहीत. एकटीच घरी आले.

आई देवळात आली नव्हती. पुरण शिजत घातलेलं, घरभर वास. जीपचं पुढचं चाक पंक्चर होऊन बसलं आहे, सकाळी जायचं तर टायर काढावं लागेल, म्हणून ती चुलीमागे, बाजेखाली, पोत्यांत शोधत होती. मला बघून कंबर सरळ केली.

"गिरजे, टॉमी दिसंना कुठं."

"ठाण्यात आहे आई. मीच नेऊन दिली."